दारावरची गादी

डास आहेत, मान्य. पण टाळी वाजवून मारू नका. वहीनं मारा, टॉवेलनं मारा, नाहीतर चावू द्या. एका डासानं कोणाचं रक्त आटत नाही. दिवे लागल्यानंतर बंद खोलीत टाळी वाजली की मला उठून गच्चीवर जाऊन बसावं लागतं. म्हातारा सणकी आहे असं तुम्ही माझ्यामागे म्हणता, तेही मला ठाऊक आहे. बसा नीट. तो कोपऱ्यातला दिवा तेवढा राहू द्या, बाकीचे घालवा. सांगतो.

हे माझ्यावर गुदरलेलं नाही. गिरिधरवर गुदरलं. नागपूरच्या महाल भागात आमच्या घराला लागूनच त्याचं दुकान होतं. रेडिओ, लग्नाचे भोंगे, गणपती मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर, आणि पुढं पुढं परदेशातून आलेल्या गाण्याच्या मोठ्या मशिनी, सगळं तो दुरुस्त करायचा. माणूस साधा, पण कानाचा गर्व भारी. गल्लीतून एखादी स्कूटर गेली की मान वर न करता सांगायचा, प्लगमध्ये कचरा आहे. आणि खरंच असायचा. त्याचं सगळं पोट त्या दोन कानांवर होतं. तुम्ही त्याला चोर म्हटलं असतं तर हसला असता, बहिरा म्हटलं असतं तर अंगावर धावून आला असता.

१९८१ साल. डिसेंबरची पहिली तारीख, मंगळवार. सकाळी दुकान उघडून तो उदबत्ती लावत होता, तेवढ्यात चंद्रभान आला. नरखेडकडे याच्या संत्र्याच्या मोठ्या बागा. तीन वर्षांपूर्वी पहिली बायको गेली, मग यानं गाव सोडलं, प्रताप नगरात स्लॅबचं नवं घर बांधलं आणि दुसरं लग्न केलं. अंगानं धिप्पाड, पण बोलणं इतकं हळू की समोरच्याला पुढं वाकावं लागे.

"गिरिधर, माह्या मशीनचा आवाज टोचते गा," तो म्हणाला. "भाच्यानं बाहेरून आणली. दोन मिस्त्री येऊन गेले. एकानं सुई बदलली, एकानं वायरी बदलल्या. बाई गायला लागली का कानात खिळा ठोकल्यावानी होते."

"पाहतो ना भाऊसाहेब."

"शनिवारपर्यंत पायजे. हप्ताभर बाजारात बोंबाबोंब ऐकतो. शनिवारी रात्री मले गाणं पायजे, बस. मले कर्कश काही सहनच होत नाई. घरात भांडं पडलं तरी माह्यं डोकं फिरते."

हे शेवटचं वाक्य गिरिधरनं त्या वेळी नुसतं ऐकून सोडून दिलं. त्याचं लक्ष मशीनकडे लागलं होतं. अशी मशीन नागपुरात तेव्हा पाचसहा घरांतच असेल.

दुपारी लुना काढून तो प्रताप नगरात गेला. तेव्हा तिकडे वस्ती विरळ. एक घर, एक रिकामा प्लॉट, पुन्हा एक घर. चंद्रभानच्या घराला चिकटून मात्र पार्वतीबाई नावाच्या एका विधवा बाईचं घर होतं, मधे फक्त कमरेइतकी भिंत.

गाण्याची खोली मोठी, वीस फूट बाय चौदा. खाली घोटलेली मोझेकची फरशी, भिंतींना ऑइलपेंट, दोन काचेच्या खिडक्या. दारावर, आतल्या बाजूनंच, सामान टाकायचा माळा. खोलीत दोन कमरेएवढे स्पीकर, मधे मशीन, आणि समोर एक खुर्ची. एकच. दुसऱ्या कोणी बसायची तिथं सोयच नव्हती.

गिरिधरनं मशीनला हातसुद्धा लावला नाही. खुर्चीपाशी उभा राहिला आणि एक टाळी वाजवली. खोली तपासायची त्याची हीच रीत. टाळी भिंतीवर जाते, परत येते, पुन्हा जाते; कान तयार असला की भिंती किती कठीण आहेत ते कळतं. इथं ती फुटाण्यांसारखी तडतडत राहिली.

"भाऊसाहेब, मशीनले काही झालं नाई. तुमची खोलीच ओरडून राहिली. सगळी चिकणी, कडक. आवाज जाईल कुठं? आपटून आपटून परत तुमच्याच कानात येते."

चंद्रभान खूश झाला. दोन मिस्त्री जे सांगू शकले नाहीत ते यानं एका टाळीत सांगितलं. गिरिधरलाही चढली थोडी. खात्रीसाठी म्हणून, पण खरं तर मिरवायला म्हणून, त्यानं आणखी एक टाळी वाजवली.

तडतड झाली. विरली. आणि सगळं शांत झाल्यावर... एक आवाज आला. उशिरा. दाराच्या वरून, माळ्याकडून. टाळीच होती. पण ओली. गालावर बसते तशी.

दारात चंद्रभानची बायको चहा घेऊन उभी होती. प्रेमलता नाव, पंचवीस-सव्वीसची असेल. तिच्या हातातल्या कपबशा वाजल्या, आणि तिनं मान एकदम खांद्यात घेतली. मार चुकवताना घेतात तशी. मग चहा ठेवून डाव्या गालावर पदर ओढून घेतला. चंद्रभान नुसता कपबशीकडे पाहत होता.

गिरिधरला त्या उशिराच्या आवाजाचा उलगडा झाला नाही. स्लॅबचं घर आहे, आवाज कुठून कुठं फिरत असेल, असं म्हणून त्यानं ते मनाआड केलं. आणि त्या बाईच्या मानेचं? ते त्याला समजलं होतं. चांगलं समजलं होतं. पण आपण कारागीर माणूस, आलो कामाला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तुम्ही-आम्ही सगळे सांगतो तसंच.

उपाय त्याला डोळ्यांपुढं दिसत होता. भिंतींवर कापसाच्या गाद्या, लाकडी पट्ट्या मारून टांगायच्या. वर कापड ताणायचं. खुर्चीखाली जाड सतरंजी. कापूस आवाज पितो, हे त्याचं ठरलेलं वाक्य. "नव्यापेक्षा जुना कापूस बरा," तो म्हणाला. "नवा नुसता फुगते. वापरलेला, दबलेला कापूस जास्त पिते. घरात जुनी गादी असली तर द्या."

"प्रेमलता देईल," चंद्रभान म्हणाला. "अन् दारालेही लाव. खिडक्यालेही. आतलं आत राहिलं पायजे." एवढं सांगून तो आतल्या खोलीत फोनवर बोलायला गेला.

प्रेमलता स्टुलावर चढली आणि माळ्यावरच्या ट्रंकांमागून तिनं दोरीनं बांधलेली एक जाड गादी ओढून खाली टाकली. धूळ उडाली. ती जवळ आली आणि उजवा कान पुढं करून बोलायला लागली. डाव्यानं तिला ऐकूच येत नव्हतं.

"भाऊ, ही सुभद्राबाईची आहे. पहिलीची. झोपेतच गेली म्हणतात. आता सांगा, गेलेल्या माणसाचं अंथरूण कोणी घरात ठेवते काय? घाटावर देऊन टाकतात ना? हे गावाहून इथपर्यंत काहून घेऊन आले, कोण जाणे. मी इचारलं होतं एकदा..." तिचा हात डाव्या कानाकडे गेला. "घेऊन जा तुम्ही. घरातून जाऊ द्या."

"नेतो वहिनी."

"अन् भाऊ... गाद्या लावल्यावर आतला आवाज पार्वतीबाईले ऐकू जाईल काय?"

गिरिधरला वाटलं, शेजारणीला त्रास होऊ नये म्हणून विचारतेय. तो अभिमानानं म्हणाला, "दाराले लावली का ढोल वाजवा आत. तिले मुंगी चालल्याइतकंही समजणार नाई."

तिचा चेहरा उतरला. तिनं दाराकडे पाहिलं.

"मंग दारावरची नका लावू," ती म्हणाली. "दिवाळीत पार्वतीबाईनं ऐकलं म्हणून धावून आली. म्हणून मी जित्ती हाओ आज. दारावरची तेवढी नका लावू भाऊ. बाकी काही लावा."

बाहेर चपला वाजल्या. तिनं कपबशा उचलल्या आणि ती गेली.

आता यापुढं संशयाला जागाच नव्हती. गिरिधर गादी लुनाच्या मागं बांधून महालात परतला, आणि वाटभर दाराचाच विचार करत आला. पण विचार करण्यात आणि तोंड उघडण्यात फार अंतर असतं, पोरांनो. शिवाय त्याला ती खोली हवी होती. सगळ्या नागपुरात नाव होईल अशी खोली.

नत्थू पिंजारी आमच्याच गल्लीच्या टोकाला बसायचा. त्याच्याकडे गिरिधरनं आठ गाद्यांचं काम टाकलं, सात नव्या कापसाच्या आणि एक या जुन्यातून. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, नत्थूनंच त्याला बोलावून घेतलं.

"ही शिवण पाय," नत्थू म्हणाला. गादीची खोळ उशाच्या बाजूला हातभर फाटलेली होती आणि वरून काळ्या दोऱ्यानं शिवलेली. मोठमोठे, वेडेवाकडे टाके. "ही बाईमाणसाची शिवण नाई. सुतळीची पोती शिवते ना माणूस, तशी शिवली. अन् आतून पाय."

कापूस काळा होता. वाळून दगड झालेला. नत्थूनं त्यावर पिंजण धरलं होतं, तर त्याची तात, म्हणजे ताणलेली दोरी, दोनदा तुटली. त्या काळ्या गोळ्यातून त्यानं काढलेलं एका कागदावर ठेवलं होतं. हिरव्या बांगडीचा तुकडा. आणि एक दात. मुळासकट.

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"झोपेत गेलेल्या बाईचा दात गादीत जाते काय गिरिधरभाऊ?" नत्थूनं विचारलं. "ही घाटावर काहून नाई दिली, समजलं का आता? तिथं कोणी ना कोणी पाहिलं असतं. तू हे पोलिसात दे. नाई तर मी चाललो घाटावर, अग्नी देतो याले."

गिरिधरनं कागदाची पुडी बांधली आणि खिशात टाकली. "देतो. शनिवारचं काम झालं का देतो. काळा भाग काढून टाक. बाकीचा पिंज."

"मले नको सांगू हे."

"अरे नुसता कापूस आहे नत्थू."

नत्थूनं पिंजला. पुढं तो मला म्हणाला की आयुष्यात त्यानं एवढा जड कापूस उचलला नाही. काळा भाग काढल्यावरही गादी दोघांनी उचलावी लागली. असं बघा, त्या बाईनं कळवळून सांगितलं होतं, ही घरातून जाऊ द्या. आणि आमचा हा हुशार माणूस तीच गादी पुन्हा त्या घरात घेऊन निघाला.

शनिवार, पाच डिसेंबर. अमावस्या नव्हती, पौर्णिमा नव्हती. सरळ साधी थंडीची रात्र होती. सकाळपासून खपून गिरिधरनं सात गाद्या टांगल्या. जुन्या कापसाची सगळ्यात जाड, म्हणून ती खुर्चीच्या मागच्या भिंतीला. वर करड्या रंगाचं कापड ताणलं. चंद्रभानला काहीच कळलं नाही. प्रेमलतेनं दुसरीच कुठली जुनी गादी दिली असेल असं तो धरून चालला; त्याच्या लेखी ती गादी अजून माळ्यावर होती. सात वाजता गिरिधर खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि टाळी वाजवली.

टप्. बस. भिंतींनी काहीच परत दिलं नाही. माळ्याकडूनही काही आलं नाही.

त्यानं रेकॉर्ड लावली. कुण्या बाईच्या आवाजातली ठुमरी होती. इतकी मऊ, इतकी जवळ, की ती समोर बसून गाते आहे असं वाटावं. चंद्रभान खुर्चीत डोळे मिटून बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. हो, पाणी आलं. अशा माणसांना गाण्यानं रडू येतं. मला याचाच जास्त राग येतो.

"आता दारावरची," तो डोळे न उघडता म्हणाला.

प्रेमलता बाहेरच्या बोळीत उभी होती. तिनं गिरिधरकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. गिरिधरला वाटलं, आता आपण काहीतरी बोललं पाहिजे. आणि तो जे बोलला ते बोलायला नको होतं.

"भाऊसाहेब, दारावरची राहू दिली तर? वहिनीही म्हणत होत्या, दारावर नको म्हणून."

चंद्रभाननं डोळे उघडले. "असं म्हणाली काय?" हळूच. हसून. "अजून काय म्हणाली?"

"काही नाई."

"लाव गा तू."

आणि त्यानं लावली. सांगताना गिरिधर इथं दर वेळी थांबायचा. म्हणायचा, हात माझेच होते, खिळे मीच ठोकले. दाराची कडी गादीच्या आड येत होती, म्हणून ती काढून वर बसवली. मोठे स्क्रू संपले होते. दोन बारीक स्क्रूंवर भागवलं, सकाळी येऊन पक्की करतो म्हणाला. सव्वाआठला तो निघाला. निघताना त्यानं मागं पाहिलं, तर चंद्रभान प्रेमलतेला आत बोलावत होता. "ये वं," म्हणत होता. "तूही ऐक."

चौकापर्यंत आल्यावर गार वाऱ्यानं नाक वाहायला लागलं. रुमालासाठी खिशात हात घातला, तर हाताला पुडी लागली.

त्यानं लुना वळवली.

घरात दिवा होता. खिडकीवरच्या गादीच्या कडेनं उजेडाची रेघ दिसत होती. आवाज काहीच नाही. गाणं नाही. बोलणं नाही. तो खिडकीशी गेला, गजांमधून हात घालून काचेवर तळवा टेकवला.

काच हलत होती.

धप्प. थोडा वेळ काही नाही. धप्प. पुन्हा. कानाला काहीच येत नव्हतं, हाताला सगळं येत होतं. भोंग्याचा पडदा हातानं तपासणारा माणूस तो. हे गाणं नाही, हे त्याला लगेच कळलं. माणसाचं अंग भिंतीवर आपटत होतं.

त्यानं दार ठोठावलं. बैठकीचं दार उघडंच होतं, गाण्याच्या खोलीचं आतून बंद. त्या दारावर त्यानं थापा मारल्या. लाथा मारल्या. आतल्या बाजूनं त्यानंच लावलेली गादी ते सगळं पीत होती. "भाऊसाहेब," तो ओरडला. "दार उघडा." कोणी ऐकलं नाही. ऐकू जाणारच नव्हतं. मुंगीइतकंही नाही.

तो कुंपणाशी धावला. पार्वतीबाई अंगणात शेगडीशी बसली होती, दहा हातांवर.

"बाई, ऐकू नाई आलं तुम्हाले?"

"काय गा? आज तं चांगलं शांत आहे."

तो परत फिरला. कडी. दोन बारीक स्क्रू. खांदा लावून त्यानं धाव घेतली. पहिल्या धडकेत काही नाही. दुसरीत लाकूड करकरलं. तिसरीत कडी उपटून आली आणि तो आत जाऊन पडला.

प्रेमलता भिंतीशी होती. बसलेली नाही, पडलेली नाही, मधेच काहीतरी. तोंडातून रक्त लोंबत होतं. एक डोळा मिटला होता. चंद्रभानच्या हातात रुंद कातडी पट्टा, त्याचं टोक हाताला गुंडाळलेलं, बक्कल मोकळं. तो ओरडत होता. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. तोंड उघडत होतं, मिटत होतं.

आवाज नव्हता.

पट्टा बसला. आवाज नाही. बाईचं तोंड फाकलं. आवाज नाही. गिरिधर "सोडा तिले" म्हणाला, आणि ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. कापूस एवढा पीत नाही. कुठलाच कापूस एवढा पीत नाही.

चंद्रभान वळला. बक्कल गिरिधरच्या कानावर बसलं. मग मूठ. मग पुन्हा बक्कल, त्याच कानावर. तो खुर्चीवर कोसळला, खुर्चीसकट खाली गेला. मानेवरून गरम काहीतरी वाहत होतं. छातीवर गुडघा आला. गळ्यावर हात आले.

आणि त्या घडीला त्याला मरणाची भीती वाटली नाही, असं तो सांगायचा. त्याला वाटलं, कान गेला. मी बहिरा झालो. बाकी काही सुचलं नाही. तीस वर्षं जे केलं तेच हातांनी केलं. खाली पडल्या पडल्या, गुदमरता गुदमरता...

त्यानं टाळी वाजवली.

हात हातावर आपटला. आवाज आला नाही.

मग...

उशिरा...

खुर्चीमागच्या भिंतीतून आला. एक. ओला.

चंद्रभानची मान उजवीकडे फेकली गेली. डाव्या गालावर पाच बोटं उमटली. पांढरी, मग लाल. गळ्यावरचे हात सुटले. तो उठला, भोवती पाहिलं. गिरिधर खाली होता. प्रेमलता भिंतीशी होती. खोलीत चौथं कोणी नव्हतं.

दुसरी बसली. तिसरी. आता त्या ऐकू येत होत्या. फक्त त्याच. त्यानं हात तोंडावर घेतले तर पोटात बसली. वाकला तर पाठीत. पट्ट्याचे वळ पाठीवर सदऱ्यातून उमटले, एकाखाली एक. पट्टा त्याच्याच हातात होता, आणि लोंबत होता. नाक मोडलं, ते मोडताना ऐकू आलं. दात फरशीवर पडले, ते घरंगळताना ऐकू आले. कोणीतरी कित्येक वर्षांचा मार जपून ठेवला होता, आणि तो आता एकामागून एक परत येत होता. घाई नव्हती.

आणि करड्या कापडाच्या आतून एक आवाज बोलायला लागला. हळू. इतका हळू की पुढं वाकावं लागावं. बाईचा नव्हता. चंद्रभानचाच होता.

"ओरडू नको वं... ओरडू नको... शेजारी ऐकतील."

तो भिंतीपाशी गेला. कसा गेला कोण जाणे, पायांनी गेला नाही. कापडावर तोंड दाबलं गेलं. डोक्यामागं कोणाचाच हात नव्हता. कापूस फुगला. तोंडाशी आला. नाकाशी आला. त्याच्या टाचा फरशीवर घासत राहिल्या. बराच वेळ.

मग थांबल्या.

गिरिधर रांगत प्रेमलतेपाशी गेला. ती जिवंत होती. तो तिला ओढत दारापर्यंत घेऊन आला, तेव्हा बैठकीत पार्वतीबाई उभी होती आणि तिच्यामागं निम्मं प्रताप नगर. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात कंदील. चार गल्ल्या पलीकडची माणसं जेवणाच्या ताटावरून उठून आली होती.

"किती ओरडल्या वं तुम्ही," पार्वतीबाई म्हणाली. "दोघीजणी काय जीव तोडून ओरडून राहिल्या होत्या."

प्रेमलतेनं तिच्याकडे पाहिलं. "दोघी?" एवढंच ती म्हणाली, आणि तिची शुद्ध हरपली.

पोलीस आले, पंचनामा झाला, गिरिधरला दोन दिवस बसवून ठेवलं. सुटला तो त्याच्या हातांमुळे. डॉक्टरनं ते उलटेपालटे करून पाहिले. एवढा मार देणाऱ्याची बोटं सुजतात, सालटी निघतात. याच्या हातांवर ओरखडाही नव्हता. आणि मेलेल्या माणसाच्या गालावरचा पंजा लहान होता. प्रेमलतेच्या पंजाशी लावून पाहिला, तर त्याहूनही लहान. शेवटी कागदावर काय लिहिलं ते मला माहीत नाही. पुडी त्यानं तेव्हाच पोलिसांपुढं ठेवली, तीन दिवस उशिरा.

प्रेमलता माहेरी गेली, पुढं शिवणाचा क्लास काढला, चांगली जगली. भाऊबीजेला ती गिरिधरकडे यायची. त्यानं तिला ओवाळू दिलं नाही कधी. म्हणायचा, मले नको. ज्या दिवशी तू सांगितलं त्या दिवशी मी ऐकलं नाई. कान तं दोन्ही चांगले होते तेव्हा.

महिन्याभरानं पुडी परत मिळाली. नत्थू आणि गिरिधर दोघं मिळून ती जुनी गादी आणि तो दात घाटावर घेऊन गेले आणि रीतीनं अग्नी दिला. नत्थू सांगायचा, या वेळी ती गादी इतकी हलकी होती की त्यानं एकट्यानं काखेत मारून नेली.

गिरिधरचा कान बरा झाला. दुकानही चाललं. पण खोली तपासायचं काम त्यानं पुन्हा घेतलं नाही, आणि का घेतलं नाही ते मला नऊ महिन्यांनी कळलं. आमच्या गल्लीच्या गणपतीपुढं आरती चालली होती. दहावीस माणसं टाळ्या वाजवत होती. गिरिधर माझ्या शेजारी उभा, तोही वाजवत होता. आरती संपली, सगळ्यांचे हात थांबले. त्याचे डोळे मिटलेले होते, तो भान विसरून वाजवत राहिला.

मी त्याच्या हातांकडे पाहत होतो. तळवे एकमेकांवर आपटत होते. जोरात. लाल झाले होते.

मला वाटलं, माझेच कान वाजताहेत. मी त्याचा हात धरला, उताणा केला आणि त्यावर माझ्या हातानं सणसणीत टाळी दिली. माझा तळवा झिणझिणला. बोटं चुरचुरली.

समोर समईची वात तडतडत होती, ती मला ऐकू येत होती. आमच्या टाळीचा आवाज आला नाही. अजून आलेला नाही.